सॉरी म्हण आणि पाकीट देऊन टाक

पत्राचा सारांश: पत्रलेखिका ३६ वर्षांच्या आहेत. मुंबईजवळच्या एका उपनगरातल्या सुपरमार्केटमध्ये त्या कॅशियर म्हणून लागल्या आणि नऊ वर्षांत फ्लोअर मॅनेजर झाल्या. बारा दिवसांपूर्वी, शनिवारी रात्री पावणेनऊला, कपड्यांच्या पावडरीच्या रॅकवर 'दोनावर एक फ्री'ची चिठ्ठी तशीच राहिली होती. ऑफर मात्र आदल्या दिवशीच संपली होती. काउंटरवरच्या २२ वर्षांच्या मुलीनं "सर, सिस्टीम घेत नाहीये" एवढं म्हटल्यावर गिऱ्हाइकानं आईबहिणीवरून शिव्या दिल्या आणि किलोचं पाकीट तिच्यावर भिरकावलं. ते तिच्या डाव्या कानावर बसलं. मागे दहा-बारा जणांची रांग होती. पत्रलेखिका धावत आल्या, गिऱ्हाइकाची माफी मागितली, मुलीलाही "सॉरी म्हण" म्हणाल्या आणि तिसरं पाकीट फुकट देऊन विषय मिटवला. दुसऱ्या दिवसापासून मुलगी कामावर आलेली नाही. तिच्या कानात सारखं गुणगुणतं, असा आईचा फोन आला होता. मालक म्हणतात, पोलिसांत गेलो तर दुकानाचं नाव खराब होईल, शिवाय मुलगी एजन्सीची आहे, आपल्या पगारावर नाही. पत्रलेखिका विचारतात: "डॉक्टरवर हात उचलला तर कायदा आहे, सरकारी माणसावर उचलला तर आहे. आमच्यासाठी काहीच नाही. कायदा असता तर मी त्या दिवशी तिच्या बाजूनं उभी राहिले असते. धंद्यात हे चालायचंच, असं मानून सोडून द्यावं का? गुरुवारी माझी सुट्टी असते, तिच्या घरी जावंसं वाटतं, पण कोणत्या तोंडानं जाऊ?"

उत्तर वाचण्याआधी एक काम करा. दुकानाचा डीव्हीआर, म्हणजे कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र, किती दिवसांचं रेकॉर्डिंग ठेवतो ते बघा. हार्ड डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. कुठे पंधरा दिवसांत, कुठे महिन्याभरात. तुमचे बारा गेले आहेत. त्या रात्रीचं साडेआठ ते सव्वानऊचं चित्रण, काउंटरच्या कॅमेऱ्याचं आणि दाराच्या कॅमेऱ्याचं, बाजूला काढून ठेवायला लावा. मालक टाळाटाळ करायला लागले तर भांडू नका, त्यांना व्हॉट्सअ‍ॅपवर एक साधा मेसेज टाका: "अमुक तारखेचं फुटेज पोलिसांना लागू शकतं, पुसलं जाऊ नये." उद्या ते 'आपोआप' पुसलं गेलं, तर निदान सांगितलं होतं याची नोंद राहील. त्या बिलाचा नंबरही टिपून ठेवा. बिलावर मेंबरशिपचा मोबाइल नंबर असेल किंवा पैसे यूपीआयनं दिले असतील, तर तो माणूस कोण हे शोधायला पोलिसांना अर्धा दिवसही लागणार नाही. तुम्ही मात्र त्याला फोन करू नका. आणि ते चित्रण कुठल्याही ग्रुपवर टाकू नका, कितीही संताप आला तरी. त्यात तो जितका दिसतो, तितकीच ती मुलगीही दिसते.

झालं? आता बोलू.

"कायदा असता तर मी उभी राहिले असते." तुमच्या पत्रातलं हे वाक्य मी तीनदा वाचलं. मला ते पटलं नाही, आणि लिहिताना तुम्हालाही पुरतं पटलं नसावं. पाकीट लागलं, तुम्ही धावलात, समोर तीन गोष्टी दिसल्या: ओरडणारा माणूस, थबकलेली रांग आणि कानावर हात धरून उभी राहिलेली मुलगी. तिघांपैकी गप्प करायला सगळ्यात सोपं कोण होतं? त्या वेळी तुमच्या डोक्यात कलम वगैरे नव्हतं. नऊ वर्षांची सवय होती. तुम्ही स्वतः काउंटरवरून वर आलात. तुम्हालाही कुणीतरी, कधीतरी, असंच "सॉरी म्हण" म्हटलं असणार. तेव्हा घरी जाताना तुम्हाला काय वाटलं होतं, ते आठवून बघा.

माझे वडील साड्यांच्या दुकानात सेल्समन होते. गादीवर पांढरी चादर, भिंतीला टेकून शेठ, आणि वडील दिवसभर घड्या मोडून दाखवणार, पुन्हा घालणार. एकदा लग्नाच्या बस्त्याला आलेल्या एका माणसानं "हे काय चिंध्या दाखवता" म्हणून शालू त्यांच्या तोंडावर फेकला. शेठनी वडिलांना आत चहा सांगायला पाठवलं. पाहुण्यांसाठी चहा. हे वडिलांनी आम्हाला रिटायर झाल्यावर सांगितलं, तेही हसत, आणि शालूचा रंग सांगितला: चिंतामणी. वीस-बावीस वर्षांनी माणसाला रंग आठवतो, म्हणजे काय ते बघा.

तेव्हा 'धंद्यात हे चालायचंच' हे मी लहानपणापासून ऐकत आले आहे. आता ते जरा उलटून बघू. धंद्यात कुरकुर चालते, घासाघीस चालते. दोन रुपये सुट्टे नाहीत म्हणून चढलेला आवाजही चालतो. किलोचं पाकीट कानावर मारणं त्यात कधी येऊन बसलं? आणि तुमच्या दुकानात त्या रात्री नेमकं काय झालं? शिवी दिली, वस्तू फेकली, की मॅनेजर येतो, माफी मागतो आणि जे मिळत नव्हतं ते मिळतं. हे त्या माणसानं पाहिलं, मागच्या दहा-बारा जणांनीही पाहिलं. पुढच्या शनिवारी त्यातला एखादा आवाज चढवेल, तेव्हा त्याच्या डोक्यात ते फुकटचं पाकीट असणार.

यात त्या माणसाची एक बाजू खरी होती, हेही मान्य करू. चिठ्ठी रॅकवर होती. त्यानं ती वाचून तीन पाकिटं उचलली. ग्राहक संरक्षण कायदा त्याच्या बाजूचा आहे, १९१५ या हेल्पलाइनवर तो तक्रार करू शकला असता, किंवा "मॅनेजरला बोलवा" एवढं तरी म्हणू शकला असता. पण चिठ्ठी काढायची कुणी राहिली? त्या मुलीकडून नव्हे. ऑफर बदलायची कुणाच्या हातात होती? तिच्या नव्हे. बिलात बदल करायचा पासवर्ड सुपरवायझरकडे. म्हणजे चूक वरच्यांची, उपाय वरच्यांकडे, आणि पाकीट मात्र तिच्या कानावर. तुमच्या दुकानात कॅश काउंटरच्या मागे तो बोर्ड आहे का हो, गांधीजींच्या नावाचा, ग्राहक हा आपल्याकडे येणारा सगळ्यात महत्त्वाचा पाहुणा वगैरे? कित्येक ठिकाणी त्याखाली 'दक्षिण आफ्रिका, १८९०' असं छापलेलं असतं. गांधीजी दक्षिण आफ्रिकेत पोचले १८९३ साली. बोर्ड असेल तर काढा असं मी म्हणत नाही. पण कुणी तो दाखवून मुलींना गप्प करत असेल, तर ही तारीख त्याला सांगा.

आता कायद्याकडे येते. तुम्ही म्हणता आमच्यासाठी काहीच नाही, हे निम्मं खरं आहे. महाराष्ट्रात डॉक्टर आणि रुग्णालय कर्मचाऱ्यांवरच्या हल्ल्यांसाठी २०१० चा स्वतंत्र कायदा आहे: तीन वर्षांपर्यंत शिक्षा, पन्नास हजारांपर्यंत दंड, गुन्हा दखलपात्र (म्हणजे पोलिस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास सुरू करू शकतात) आणि अजामीनपात्र. दुकानातल्या माणसासाठी असं वेगळं काही नाही. पण वेगळं नाही म्हणजे काहीच नाही असं नव्हे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे आणि ती डॉक्टरला जेवढी लागू, तेवढीच कॅशियरला. मारून दुखापत केली तर कलम ११५(२), एक वर्षापर्यंत कैद किंवा दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. भांडण पेटावं अशा हेतूनं अपमान केला तर ३५२. धमकी दिली असेल तर ३५१.

अडचण कुठे येते ते आधीच सांगते, म्हणजे ठाण्यात गेल्यावर हिरमोड होणार नाही. साधी दुखापत अदखलपात्र आहे. ठाणे अंमलदार 'एनसी', म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, घेतील, कागद हातात देतील आणि कोर्टात जा म्हणतील. बरेच लोक तो कागद पर्समध्ये ठेवून परत येतात. पण तो कागद वाया जात नाही. पुढे त्याच माणसानं काही केलं तर ती पहिली नोंद असते, आणि दंडाधिकाऱ्यांकडून तपासाचा आदेशही मिळवता येतो. शिवाय एकाच घटनेत एक जरी कलम दखलपात्र निघालं, तर अख्खं प्रकरण दखलपात्र धरतात. त्यामुळे दोन गोष्टी महत्त्वाच्या ठरतात.

पहिली, शिव्या. स्त्रीच्या शालीनतेचा अपमान करण्याच्या हेतूनं उच्चारलेल्या शब्दांसाठी कलम ७९ आहे, ते दखलपात्र आहे, आणि अशी तक्रार महिला पोलिसानं नोंदवून घ्यायची असते. पण नुसती घाण भाषा म्हणजे आपोआप ७९ लागलं असं होत नाही. शब्द कोणते, कुणाला उद्देशून, कोणत्या अर्थानं, हे पाहिलं जातं. आपल्या बायका तक्रारीत लिहितात, "अर्वाच्य भाषेत शिवीगाळ केली." संपलं. अर्वाच्य म्हणजे काय, ते कागदावर कुठेच येत नाही. त्या मुलीला लिहायची लाज वाटेल, ते साहजिक आहे. तुम्ही शेजारी बसा आणि तो जे बोलला ते जसंच्या तसं उतरवून घ्या. लाज त्या शब्दांची असेल तर ती बोलणाऱ्याला वाटू दे. जातीवरून काही बोलला असेल आणि मुलगी अनुसूचित जाती-जमातीतली असेल, तर १९८९ चा अ‍ॅट्रॉसिटी कायदा लागू होऊ शकतो. तो मुद्दा तर अजिबात मोघम ठेवू नका.

दुसरी, कान. बारा दिवस कानात गुणगुणतंय आणि अजून कुणी तपासलेलं नाही, हे वाचून मला तुमच्या मालकांपेक्षा तुमचा जास्त राग आला, खरं सांगते. पडदा फाटलेला असू शकतो. कायद्याच्या दृष्टीनंही, एका कानाचं ऐकणं कायमचं गेलं तर ती साधी दुखापत राहत नाही, गंभीर दुखापत होते. तिची शिक्षा सात वर्षांपर्यंत आहे आणि गुन्हा दखलपात्र आहे. तेव्हा सरकारी रुग्णालयातच न्या, मार लागून झालं आहे हे स्पष्ट सांगा, ऐकण्याची तपासणी करून घ्या आणि कागद जपा. तिच्या पगारातून ईएसआयसी (कामगार राज्य विमा) कापत असतील, तर काम करताना झालेली इजा म्हणून उपचार आणि बुडालेल्या दिवसांचा लाभ मागता येतो. एजन्सीवाल्यांना फोन करून तिचे दिवस गैरहजेरीत टाकू नका असं आजच सांगा. हे तर तुमच्या हातातलं आहे.

पोलिसांनी तक्रारच घेतली नाही तर? लेखी अर्ज टपालानं वरिष्ठांकडे पाठवता येतो, शहरात उपायुक्तांकडे, ग्रामीण भागात अधीक्षकांकडे. त्यानंही हललं नाही तर दंडाधिकारी आहेतच. पण फार रेंगाळू नका. एक वर्षापर्यंतच शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घ्यायला कोर्टाला मुदतही एकच वर्षाची आहे.

मालकांच्या 'एजन्सीची मुलगी' या वाक्याबद्दल थोडं. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा त्यांना वाचायला द्या. त्यात कर्मचारी म्हणजे फक्त आपल्या पगारपत्रकावरचा असं नाही, ठेकेदारामार्फत आलेलीही त्यात येते. आणि कामाच्या जागी संपर्कात येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासूनही बाईला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे, असं कलम १९ सांगतं. बाईला फौजदारी तक्रार करायची असेल तर तिला मदत करणं हेही त्याच कलमात आहे. इथला प्रकार त्या कायद्यात बसतो की नाही, हे पुन्हा त्या शब्दांवर ठरेल. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तर अशा छळाच्या तक्रारी ऐकणारी अंतर्गत समिती दुकानात असायला हवी. समितीत कोण कोण आहे, हे सहज म्हणून विचारून बघा. उत्तर यायला वेळ लागला, तर मालकांना पोलिसांची भीती का वाटते, त्याचा थोडा अंदाज येईल.

मिटवामिटवीबद्दलही. तुम्ही आणि मालकांनी त्या रात्री 'विषय मिटवला'. साध्या दुखापतीच्या गुन्ह्यात तडजोड करता येते हे खरं, पण ती करायचा हक्क कायद्यानं मार खाणाऱ्याला दिलेला आहे. मालकाला नाही, मॅनेजरला नाही. तिला तक्रार नको असेल, त्या माणसानं येऊन तिची माफी मागावी एवढंच हवं असेल, तर तेही योग्यच. किंवा तिला काहीच नको असेल, फक्त दुसरी नोकरी हवी असेल. तुमच्या अपराधी वाटण्यावर उतारा म्हणून तिला ठाण्यात ओढून नेऊ नका. ती ठरवेल. ठरवायला लागणारी माहिती, कागद आणि सोबत, एवढं तुमच्याकडून मिळू दे.

आता वेगळ्या कायद्याची मागणी. ती मला चुकीची वाटत नाही. स्कॉटलंडनं २०२१ मध्ये दुकानातल्या कर्मचाऱ्यावर हल्ला करणं, धमकावणं हा स्वतंत्र गुन्हा केला. इंग्लंड आणि वेल्ससाठीही तसं विधेयक २०२५ मध्ये संसदेत मांडलं गेलं. टोकियोत एप्रिल २०२५ पासून गिऱ्हाइकांनी कर्मचाऱ्यांचा छळ करू नये असा नियम लागू झाला, शिक्षा काहीच नाही, पण 'हे चालायचंच' असं म्हणायची सोय तरी गेली. मला त्यांच्यापेक्षा दक्षिण कोरियाचा रस्ता जास्त आवडतो. तिथे २०१८ पासून मालकावर बंधन आहे: गिऱ्हाइकाच्या शिवीगाळीनं कर्मचाऱ्याला त्रास होत असेल तर त्याला त्या कामावरून थोडा वेळ बाजूला करायचं, काम थांबवू द्यायचं. म्हणजे कायदा गुन्हेगाराच्या मागे धावत नाही, आधी काउंटरवर येऊन उभा राहतो. आपल्याकडे डॉक्टरांचा कायदा होऊन पंधराहून जास्त वर्षं झाली, तरी कॅज्युअल्टीत मारहाणीच्या बातम्या येतातच.

आणि दुकानात उभा असलेला माणूस आपल्याकडे कुणाच्याही हाताला सहज लागतो. २०२५ च्या पावसाळ्यात मीरा रोडला मराठी बोलण्यावरून एका दुकानदाराच्या कानशिलात लगावली गेली. मराठीचा आग्रह मलाही आहे, हे सदर मी मराठीतच लिहिते, पण गल्ल्यामागच्या माणसाला मारून भाषा वाढते असं मला कधी दिसलं नाही. असो. मुद्दा एवढाच की वेगळा कायदा कुणीतरी मागावा लागतो. केरळात कापड दुकानांतल्या बायकांना कामाच्या वेळेत बसायचाही हक्क नव्हता. कोझिकोडच्या बायकांनी संघटना बांधून तो मागितला, आणि २०१८ मध्ये तिथल्या दुकानांच्या कायद्यात दुरुस्ती झाली. बसायला स्टूल मिळावं, एवढ्यासाठी.

तोवर तुमच्या मजल्यावर काय करता येईल? ऑफर संपते त्या रात्री दुकान बंद करण्याआधी चिठ्ठ्या काढायच्या, आणि कोणी काढल्या त्याची सही ठेवायची. हे कंटाळवाणं काम तुमच्या अर्ध्या भांडणांवर औषध आहे. शनिवारी-रविवारी संध्याकाळी सुपरवायझरनं मागच्या खोलीत न बसता काउंटरजवळ उभं राहायचं. मुलींना एक वाक्य द्या, सगळ्यांना तेच: "सर, मी बिल थांबवतेय, मॅनेजर बोलतील." ते म्हटलं की हात कीबोर्डवरून काढायचे आणि मागे सरकायचं, त्यासाठी पुढे कुणाकडून बोलणी खावी लागणार नाहीत. मॅनेजरनं येऊन उभं राहायचं ते मुलगी आणि गिऱ्हाईक यांच्या मधे, गिऱ्हाइकाच्या शेजारी नव्हे. वाटतं तितकं हे किरकोळ नाही. त्या रात्री तुम्ही नेमक्या कुठे उभ्या होतात, ते फुटेजमध्ये बघा. शिवी आली की वस्तू परत, पैसे परत, दार. हात उठला की ११२. आणि ज्यानं आरडाओरडा केला त्याला सवलत नाही, चूक दुकानाची असली तरी त्या क्षणी नाही. उद्या शांतपणे येऊ दे, मग देऊ. एक वहीही ठेवा: तारीख, वेळ, काय झालं, कुणी पाहिलं. सहा महिन्यांनी ती वही मालकांसमोर ठेवलीत, तर तुम्हाला वेगळं काही बोलावं लागणार नाही.

मालकांशी एकदा बोलून घ्या, पण त्यांची परवानगी मागायला नको. "तिनं तक्रार केली तर मी साक्षीदार आहे, आणि मी जे पाहिलं तेच सांगणार," एवढं कळवायला. नोकरीची भीती वाटणारच. घर तुमच्या पगारावर चालतं हे तुम्ही लिहिलं आहे, त्यामुळे उगाच शूर व्हा असं मी म्हणणार नाही. पण समन्स आलं तर साक्ष द्यायला जाणं हे काही मालकाविरुद्धचं बंड नव्हे, आणि हे त्यांनाही कळतं.

राहिला गुरुवार. कोणत्या तोंडानं जाऊ, विचारता. ज्या तोंडानं "सॉरी म्हण" म्हणालात, त्याच. फळांची पिशवी नेऊ नका, एजन्सीच्या माणसाला सोबत नेऊ नका, आणि "मालकांचा नाइलाज होता"नं सुरुवात करू नका. "मी त्या दिवशी चुकले, सॉरी मी म्हणायला हवं होतं, तुला" एवढं बोला आणि थांबा. ती रडेल, चिडेल किंवा आतल्या खोलीत निघून जाईल. आईशी बोला. बिलाचा नंबर आणि तुमचा मोबाइल नंबर कागदावर लिहून द्या. मग कानाचं विचारा. सरकारी रुग्णालयात कान-नाक-घशाची ओपीडी सकाळची असते आणि केसपेपरची रांग आठपासून लागते, म्हणून घरून जरा लवकर निघा.